‘बाहेरचा’ उमेदवार म्हणजे कशाच्या बाहेरचा?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या निवडणुकांबद्दल मराठीत लिहिताना ‘प्रायमरी’, ‘आउटसायडर’ आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ या तीन शब्दांपाशी अडायला होतं. ‘प्राथमिक निवडणुकीत बाहेरच्या पुरोगामी उमेदवाराकडे मतदारांचा कौल’ असं वाक्य चालेल का? नसेल चालत, तर काय लिहावं?

वाक्य व्याकरणाने चोख आहे, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ते भलतंच चित्र उभं करतं. सगळ्यात मोठा घोटाळा ‘बाहेरचा’ या साध्या शब्दाने होतो, म्हणून आधी तोच घेतो.

आपल्या निवडणुकीच्या बोलीत ‘बाहेरचा उमेदवार’ याचा अर्थ पक्का ठरलेला आहे. तो मतदारसंघाबाहेरचा असतो. ‘बाहेरचं पार्सल परत पाठवा’, ‘आयात उमेदवार नको’, ‘स्थानिक विरुद्ध उपरा’ या घोषणा आपण भिंतींवर वाचल्या आहेत, सभांमध्ये ऐकल्या आहेत. इथे बाहेरचेपण मोजायचं ते गावाच्या शिवेपासून. अमेरिकी राजकारणात ‘आउटसायडर’ म्हणतात तेव्हा मोजमाप वेगळं असतं. तो किंवा ती पक्षाच्या मुरलेल्या वर्तुळाबाहेरची असते. बड्या देणगीदारांचा पैसा, पदाधिकाऱ्यांची साखळी, आमदार-खासदारांचे जाहीर पाठिंबे यांतलं फारसं काही पाठीशी नसतं. त्या उमेदवाराचं घर त्याच गल्लीत असू शकतं.

न्यूयॉर्कच्या १४व्या काँग्रेस (म्हणजे अमेरिकी संसद) मतदारसंघात २०१८ साली नेमकं हेच होतं. ब्रॉन्क्स आणि क्वीन्स या भागांतला हा मतदारसंघ. तिथले खासदार जो क्राउली दहा वेळा निवडून आलेले, प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅटिक नेत्यांच्या पहिल्या फळीतले, शिवाय क्वीन्समधल्या पक्षसंघटनेचे प्रमुख. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, त्यांच्यासमोर उभी राहिली त्यांच्याच पक्षाची २८ वर्षांची अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ. जन्म ब्रॉन्क्समधला, राहणं ब्रॉन्क्समधलं, आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत बारमध्ये काम करत होती. पद कुठलंच भूषवलेलं नव्हतं. तिने आपल्या प्रचाराच्या व्हिडिओत क्राउलींवर ठेवलेला आक्षेप काय होता? हे गृहस्थ इथे राहत नाहीत, यांची मुलं आपल्या शाळांत जात नाहीत, आपलं पाणी पीत नाहीत, आपली हवा श्वासात घेत नाहीत. मग हे आपले प्रतिनिधी कसे? क्राउलींचं कुटुंब वॉशिंग्टनजवळ राहत होतं, तेव्हा आरोपाला आधार होता.

आता आपलं वाक्य त्या निकालाला लावून पाहा. ‘बाहेरच्या उमेदवाराने खासदाराला हरवलं’ असं छापलं, तर मराठी वाचक समजणार की बाहेरून येऊन कुणीतरी स्थानिक माणसाला पाडलं. घडलं ते बरोबर उलट. आपल्या मोजमापाने पाहिलं तर बाहेरचे क्राउली होते, आणि ओकासिओ-कोर्तेझने प्रचारात ते मोजमापही वापरलं. २६ जून २०१८ला ओकासिओ-कोर्तेझ सुमारे ५७ टक्के मतं घेऊन जिंकली.

म्हणून ‘आउटसायडर’साठी ‘बाहेरचा’ लिहायचंच असेल, तर कशाच्या बाहेरचा ते त्याच दमात सांगितलं पाहिजे: ‘पक्षातल्या प्रस्थापितांच्या वर्तुळाबाहेरचा’. लांबट वाटलं तर ‘प्रस्थापितांना आव्हान देणारा’ हा आपल्याकडे रुळलेला प्रयोग आहेच. ‘प्रस्थापित’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणाने इतका घासूनपुसून वापरला आहे की साखर कारखाना, जिल्हा बँक, घराणं हे सगळं त्यात आपोआप येतं. न्यूयॉर्कमध्ये साखर कारखाना नसला तरी एस्टॅब्लिशमेंट या शब्दाचा तिथला भार ‘प्रस्थापित’ बरोबर पेलतो. ‘नवखा’ मात्र जपून वापरावा. तो अनुभव नसल्याचं सांगतो, आणि वर्तुळाबाहेरचा माणूस नवखा असेलच असं नाही. बर्नी सँडर्स २०१६ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध उभे होते, तेव्हा त्यांच्या गाठीशी संसदीय कामाची पंचवीस वर्षं होती. पण सेनेटवर ते निवडून येत ते अपक्ष म्हणून. डेमोक्रॅटिक पक्षाच्या दृष्टीने ते वर्तुळाबाहेरचेच.

‘उपरा’ हा शब्द तर इथे वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. जोहरान ममदानी २०२५ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी लढले. त्यांचा जन्म कंपालाचा, बालपणी न्यूयॉर्कला आलेले. त्यांना ‘उपरा’ म्हटलं की अर्थ पक्षातल्या स्थानावरून थेट जन्मस्थानावर घसरतो, आणि बातमी देणाऱ्याच्या तोंडी नकळत त्यांच्या विरोधकांची भाषा येते.

आता ‘प्राथमिक’. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, स्पर्धेची प्राथमिक फेरी या सगळ्यांत सुरुवातीची, छोटी, पुढे खरं काही व्हायचं आहे अशी पायरी दिसते. शब्दशः ‘प्रायमरी’ला ‘प्राथमिक’ बरोबर आहे, पण प्रसंगाचं वजन त्यात उतरत नाही. ओकासिओ-कोर्तेझने नोव्हेंबरची मुख्य निवडणूक सुमारे ७८ टक्के मतांनी जिंकली. त्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक उमेदवार पडणं जवळपास अशक्यच. खासदार कोण, हे जूनमध्येच ठरलं होतं. तेव्हा ‘प्राथमिक निवडणूक’ वाचून जो वाचक ‘बघू पुढे काय होतं’ म्हणेल, तो मुख्य लढतच चुकवेल.

काही जण ‘पक्षांतर्गत निवडणूक’ लिहितात. ते अर्थाच्या जवळ जातं, पण आपल्याकडे पक्षांतर्गत निवडणूक म्हटली की शहराध्यक्ष, जिल्हाध्यक्ष, प्रदेशाध्यक्ष यांची निवड डोळ्यांपुढे येते. तिथे मत देतात पक्षाचे सभासद. प्रायमरी तशी नाही. ती बहुतेक ठिकाणी सरकारी निवडणूक यंत्रणा घेते, मतदान केंद्रं लागतात, आणि मत देतात सामान्य मतदार. महाराष्ट्रातल्या वाचकाला एका वाक्यात सांगायचं तर मी असं सांगेन: आपल्याकडे पक्षश्रेष्ठी ज्याच्या हातात एबी फॉर्म देतात तो पक्षाचा उमेदवार, प्रायमरीत तो एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे मतदार ठरवतात.

यामुळेच ‘तिकीट’ हा आपला लाडका शब्द तिथे अवघडतो. तिकीट देणारा कुणीतरी वर बसलेला असतो. ते मिळतं, कापलं जातं, त्यासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या होतात. प्रायमरीत ‘उमेदवारी जिंकणे’ हा प्रयोग चपखल बसतो. उमेदवार या शब्दाचं मूळही इथे शोभून दिसतं: फारसी ‘उमेद’, म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार. जुन्या मराठीत कायमच्या नोकरीच्या आशेवर कचेरीत राबणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि ‘उमेदवारीचा काळ’ आपण आजही म्हणतो.

माझी शिफारस अशी: पहिल्या उल्लेखात ‘प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक’ असं लिहावं आणि पुढे सरळ ‘प्रायमरी’ म्हणावं. शब्द स्त्रीलिंगी घ्यावा, निवडणुकीप्रमाणे: प्रायमरी झाली, प्रायमरी जिंकली.

इथे आणखी एक बारीक गोष्ट. बातम्यांत ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट’ असा शब्द येतो आणि मराठी वाचकाला वाटतं, पावती फाडलेला सभासद असेल. तसं नाही. अनेक राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच कुठल्या पक्षाकडे आपली नोंद हवी ते लिहायची सोय असते. न्यूयॉर्कमध्ये ज्या पक्षाकडे नोंद, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षाकडे नोंद नसलेले मतदारही दोहोंपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतात. न्यूयॉर्कचा नियम किती कडक, ते २०१६ साली दिसलं. १९ एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्षाची नोंद बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या इव्हान्का आणि एरिक या मुलांनाच वडिलांना मत देता आलं नाही. ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट’ऐवजी ‘डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेले मतदार’ लिहिलं की गैरसमज टळतो.

‘प्रोग्रेसिव्ह’ला ‘पुरोगामी’ हाच शब्द मी ठेवीन. ‘प्रागतिक’ला आपल्याकडे नेमस्तपणाचा जुना वास आहे, सँडर्स किंवा ममदानी यांना तो शब्द मवाळ करून टाकतो. पण ‘पुरोगामी’ वापरताना वाचकाच्या मनात काय उमटतं याचं भान हवं. महाराष्ट्रात पुरोगामी म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर हा वारसा आठवतो, जातिनिर्मूलन, स्त्रीशिक्षण, अंधश्रद्धेविरुद्धची लढाई आठवते. शब्दाचा गाभा सामाजिक आहे. अमेरिकी प्रायमरीतला पुरोगामी उमेदवार वंश आणि स्थलांतराबद्दल बोलतोच, पण त्याच्या जाहीरनाम्यात पहिल्या ओळीला असतात ते पैशाचे प्रश्न. सँडर्स यांचा भर सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा आणि सरकारी महाविद्यालयांतलं मोफत शिक्षण यांवर होता. ममदानी यांचा होता भाडेनियंत्रणाखालच्या घरांची भाडी गोठवण्यावर, मोफत बसवर आणि सर्वांना मोफत पाळणाघरांवर. म्हणून एकदा तरी ‘डाव्या आर्थिक विचारांचा पुरोगामी’ असं लिहावं. ओकासिओ-कोर्तेझ आणि ममदानी स्वतःला ‘डेमोक्रॅटिक सोशालिस्ट’ म्हणवतात. त्याला ‘लोकशाही समाजवादी’ हा शब्द तयार आहे आणि एस. एम. जोशी, नाथ पै, मधु दंडवते यांच्या महाराष्ट्राला तो शिकवावा लागत नाही.

‘प्रायमरी’ आणि ‘पुरोगामी’ या दोन शब्दांचं आपसातलं नातंही सांगण्याजोगं आहे. थेट प्रायमरी ही अमेरिकेतल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुरोगाम्यांचीच मागणी होती. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी ती लावून धरली आणि १९०४ साली तिथल्या मतदारांनी तिला मंजुरी दिली. पक्षाच्या मुखंडांनी बंद खोलीत उमेदवार ठरवायचा, हे त्यांना मोडायचं होतं.

आता राहिला ‘कौल’. तुमच्या वाक्यात तो घाईने आला आहे. कौल हा निर्णय असतो. कोकण-गोव्यातल्या देवळांत देवाला कौल लावतात, कळी उजवी पडली की डावी ते पाहतात, आणि मग विषय संपतो. मतदान व्हायच्या आधी मतदार ज्या अवस्थेत असतात तिला ‘कल’ म्हणावं, आणि अजून काहीच ठरलं नसेल तर ‘तळ्यात-मळ्यात’. मतदार उमेदवाराला ‘तोलत आहेत’ हेही चांगलं मराठी आहे.

प्रायमरीतला मतदार तोलतो तरी काय? माझ्या मते शब्दांच्या सगळ्या काथ्याकुटाचं कारण इथे आहे. त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात: हा मला पटतो का, आणि हा नोव्हेंबरात निवडून येईल का? दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे ‘निवडून येण्याची क्षमता’ किंवा राजकीय बोलीत ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. महाराष्ट्रात ते तोलायचं काम पक्षश्रेष्ठींचं. सामान्य मतदारावर ते कधी येतच नाही. प्रायमरीत ते प्रत्येक मतदाराच्या डोक्यावर येतं. क्राउलींच्या मतदारसंघात दुसरा प्रश्न जवळपास गैरलागू होता, म्हणून मतदार निव्वळ पहिल्याचं उत्तर देऊ शकले. २०२०च्या अध्यक्षीय प्रायमऱ्यांत तसं नव्हतं. न्यू हॅम्पशायर आणि नेवाडा सँडर्स यांनी जिंकली, पण ट्रम्प यांना हरवू शकेल तो उमेदवार हवा असं म्हणणारे डेमोक्रॅट मतदार फार मोठ्या संख्येने होते. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाने जो बायडन यांच्या पारड्यात भरघोस मतं टाकली आणि आठवड्याभरात चित्र फिरलं. तेव्हा ‘पुरोगामी उमेदवाराला नाकारलं’ असं लिहिण्याआधी मतदाराने त्याचा विचार नाकारला की त्याची जिंकायची शक्यता, हे पाहिलं पाहिजे. दोन्हींना एकच क्रियापद लावणं त्या मतदारावर अन्याय करणारं आहे.

न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत हा पेच थोडा सैल होतो. २०२१पासून तिथे मतदार पाच उमेदवारांपर्यंत क्रम लावू शकतात. याला नवा शब्द घडवायची गरज नाही; विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांमुळे ‘पसंतीक्रम’ आणि ‘पहिल्या पसंतीची मतं’ आपल्या बातम्यांत मुरलेले आहेत. २४ जून २०२५च्या प्रायमरीत ममदानी पहिल्या पसंतीतच पुढे होते, आणि फेऱ्या पूर्ण झाल्यावर सुमारे ५६ टक्क्यांवर पोचले. हरले ते माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो.

शेवटी ‘बंडखोर’, कारण तुमच्या पुढच्या वाक्यात तो येईलच. प्रस्थापिताविरुद्ध प्रायमरी लढणाऱ्याला बंडखोर म्हणू नये. तो पक्षाने ठेवलेल्या वाटेनेच चालला आहे. आपल्याकडचा बंडखोर म्हणजे उमेदवारी न मिळाल्यावर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभा राहणारा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच जागेसाठी पुन्हा उभं राहायला कायद्याची आडकाठी आहे, न्यूयॉर्कमध्ये ती वाट मोकळी आहे. क्युओमो नोव्हेंबरात अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पुन्हा हरले. मराठी मथळ्यात ‘बंडखोर’ हा शब्द त्यांच्या नावाआधी लावला असता, तर तो अगदी बरोबर ठरला असता.