‘शेवटी शाळेत मास्तरच झाला ना?’

ताई, आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ प्लेनोला राहतो. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या जेव्ही, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या संघात क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा) खेळतो. त्याचे कोच स्वतः कॉलेजला क्वार्टरबॅक होते. घरात उठता-बसता ‘कोच म्हणाले’ एवढंच ऐकू येतं. परवा जेवताना ह्यांचा तोल सुटला. “एवढा मोठा खेळाडू होता, तर शेवटी शाळेत मास्तरच का झाला?” मुलगा ताटावरून उठला, तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे. त्यात गेल्या आठवड्यात सरावात त्याच्या डोक्याला मार बसला. दोन दिवस डोकं दुखत होतं. “कोचना सांगू नकोस, मला बसवतील,” म्हणाला, म्हणून मी गप्प राहिले. खेळ बंद करावा का?
— एक आई

अबोल्याचं नंतर बघू, आधी डोक्याचं बघा. आजच डॉक्टरांची वेळ घ्या आणि शाळेत खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरना व कोचना कळवा. दुखणं थांबलं म्हणजे मेंदू बरा झाला असं नसतं. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला, तर क्वचित जिवावर बेततं, आणि हा धोका कोवळ्या वयातच जास्त. टेक्सासमध्ये 2011 पासून यासाठी कायदा आहे. कन्कशनची, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेल्या इजेची, नुसती शंका आली तरी मुलाला लगेच खेळातून काढायचं, आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय व पालकांनी सही केल्याशिवाय परत घ्यायचं नाही. ती परवानगी देण्याचा अधिकार कोचला मुळी नाहीच. पण हा कायदा कामाला यायचा तर कोणीतरी तोंड उघडायला हवं, आणि या घडीला ते तुमच्याच हातात आहे. मुलगा चिडेल. चिडू दे.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. मला ते फार लागलं, कारण ते कोचपेक्षा मुलाला जास्त लागलं असणार. ज्या माणसासारखं व्हावं असं पंधराव्या वर्षी वाटतं, तो माणूस फुकट गेला असं वडिलांनी भर जेवणात सांगितलं. शिवाय ते खरंही नाही. टॉड डॉज हे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचे क्वार्टरबॅक. पुढे ते हायस्कूलचे कोच झाले. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या साउथलेक कॅरल शाळेने त्यांच्या हाताखाली 2002 ते 2006 या काळात चार वेळा राज्य अजिंक्यपद मिळवलं, आणि ऑस्टिनच्या वेस्टलेकने 2019 पासून सलग तीन वर्षं. त्यांचा मुलगा रायली साउथलेकला त्यांच्याच हाताखाली क्वार्टरबॅक होता. तो कॉलेजला खेळला आणि 2018 मध्ये त्याच शाळेचा मुख्य कोच झाला. त्या गावात कोणी या बापलेकांची कीव करत नाही.

अमेरिकेत दहा लाखांहून जास्त मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यातली शंभरात सातेक कॉलेजच्या संघात पोचतात, आणि कॉलेजमधली शंभरात दोनसुद्धा व्यावसायिक संघात जात नाहीत. म्हणजे तुमच्या मुलाचे कोच बहुतेकांच्या पुढे गेले, आणि मग बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्यांचाही खेळ संपला. लहानपणापासून जे केलं ते एका दिवशी थांबतं, हे त्यांनी भोगलेलं आहे. तुमच्या मुलालाही एक दिवस त्यातून जायचंय. हे तुम्ही सांगितलंत तर त्याला विरोध वाटेल, कोचनी सांगितलं तर तो ऐकेल.

अभ्यासाची काळजी यजमानांना असेल, तर एक जमेची बाजू आहे. टेक्सासमध्ये 1984 च्या कायद्यामुळे नापास मुलाला खेळता येत नाही. एका विषयात जरी सत्तरच्या खाली गेला, तरी निदान तीन आठवडे सामने बंद.

खेळ बंद करायचा की नाही, हे मी इथून ठरवणार नाही. ते कोच कसे आहेत त्यावर ठरेल. जेव्हीचे सामने बहुधा गुरुवारी संध्याकाळी असतात. यजमानांनी एक दिवस लवकर निघावं आणि पुढच्या रांगेत बसावं. क्वार्टरबॅकला चेंडू हातात आल्यावर जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचा बचाव वाचायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि अंगावर येणाऱ्यांकडे न बघता फेकायचं. कधीतरी चेंडू नेमका प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाईल. मुलगा मान खाली घालून बाहेर येईल, तेव्हा कोचकडे बघा. चांगला कोच पहिल्यांदा विचारतो, “तुला तिथे काय दिसलं?” नुसताच खेकसणारा असेल, तर ‘मला बसवतील’ ही भीती कुठून आली ते कळेल, आणि मग संघ सोडवण्याचा विचार जरूर करा.

यजमानांनी मुलाला एवढंच म्हणावं, “तुझ्या कोचबद्दल मी तसं बोलायला नको होतं.” पुढे ‘पण’ जोडू नये. मग कोचना ईमेल करून आठवड्यातली एखादी दुपार मागून घ्या. सामन्यानंतर मैदानावर गाठू नका, तेव्हा त्यांना बोलायला फुरसत नसते. दोन गोष्टी सरळ विचारा. डोकं दुखतंय असं एखाद्या मुलाने सांगितलं, तर त्याची संघातली जागा जाते का? आणि कॉलेजचा शेवटचा सामना झाल्यावर, त्यापुढचं वर्ष तुम्ही कसं काढलंत? मुलालाही सोबत न्या.