पोरगा फार समजूतदार आहे हो!

"ताई, आमच्यात खटके उडतात, पण मुलांना त्यातलं काही कळत नाही." हे वाक्य मी कितीतरी आयांकडून, काही बाबांकडून आणि परवा एका आजींकडूनही ऐकलं. त्याच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "पोराला त्रास असता तर दिसलाच असता ना?" त्रास दिसतो, पण आपण बघत असतो भलतीकडेच. म्हणून ओंकारची गोष्ट सांगते. त्याचं नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ओंकार नऊ वर्षांचा, चौथीतला. वर्षभरापासून त्याचं अंथरूण पुन्हा ओलं होत होतं आणि पीटीच्या तासाला नेमकं पोटात दुखायचं. वर्गशिक्षिकांनी सुचवलं म्हणून त्याची आई, वैशाली, त्याला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली. नवरा नाशिकच्या सातपूरला कंत्राटी कामगार होता. काम सुटलं, पिणं वाढलं, बायकोवर हात उचलणं रोजचं झालं. हे सगळं तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

"पण लेकरांना ते बोटही लावत नाहीत. आणि ओंकार तर इतका समजूतदार! जिन्याखाली गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद करतो, छोटीला घेऊन आतल्या खोलीत जातो. सांगावंसुद्धा लागत नाही."

ती कौतुकानं बोलत होती. मी वहीत तेवढंच वाक्य लिहून घेतलं.

तीन भेटींत ओंकार 'हो', 'नाही' यापलीकडे गेला नाही. चौथ्या वेळी माझ्या हातून पाण्याचा पेला कलंडला. तो झटकन उठला आणि शर्टाच्या बाहीनं टेबल पुसायला लागला.

"मी नाही सांडलं."

"अरे, माझ्याच हातून सांडलं. घरी पाणी सांडलं की काय होतं?"

"आई रडत असेल तर काही नाही होत."

"आणि रडत नसेल तर?"

"रडून झालं की मारते."

उन्हाळ्याचे दिवस, आणि त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यानं आपणहून बाही वर केली. दंडाच्या आतल्या बाजूला जुने-नवे वळ होते. मी म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." त्यानं विचारलं, "आईला सांगाल?" अशा वेळी मी गुपित ठेवण्याचं वचन देत नाही. म्हटलं, "तुला मार बसू नये म्हणून मला बोलावं लागेल. पण आईशी हे सांभाळून बोलायची जबाबदारी माझी."

वैशालीला मी वळांबद्दल विचारलं नाही. विचारलं, "त्यांनी मारल्यावर, थोड्या वेळानं, तुम्ही काय करत असता?"

"पोळ्या. स्वयंपाक तर व्हायलाच हवा."

"आणि ओंकार?"

"मागे मागे करतो. पाणी आणून देतो. मला त्याचा रागच येतो." मग ती बराच वेळ बोललीच नाही. "लाटणं हातातच असतं, ताई. ते मला मारतात, मी ह्याला."

हे तिनं तोपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी तिला तिथे दोष दिला असता तर ती उठून गेली असती आणि ओंकार पुन्हा त्याच घरात एकटा पडला असता. त्या दिवशी मी गप्प राहिले, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं.

माझा ओढा पहिल्यापासून जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांच्या विचाराकडे आहे. मूल घाबरलं की आपल्या माणसाकडे धावतं, ही त्याची उपजत धाव. पण भीती ज्याची, आधारही त्याचाच असेल, तर मूल धावणार कुठे? मग ते त्या मोठ्या माणसालाच सांभाळायला लागतं, आणि त्याला आपण समजूतदार म्हणतो. म्हणून 'कोण मारतं?' याच्याआधी मी 'मूल घाबरलं की कोणाकडे जातं?' हे विचारते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात, घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी जवळपास ८९ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते.

खेळताना पडलेल्या मुलाला गुडघ्याला, नडगीला, कपाळाला लागतं. कान, पाठ, मांड्या, दंडाची आतली बाजू इथले वळ निराळे, आणि दर वेळी वेगळं कारण सांगितलं जात असेल तर अधिकच. रांगायलाही न लागलेल्या बाळाच्या अंगावर काळंनिळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पण अंगावर खूण नसलेली मुलंही असतात. शाळा सुटल्यावर घरी जायला रेंगाळणारी, पडल्यावर न रडणारी, हात जरा वर झाला की डोकं झाकणारी. एखाद्या ठरावीक नातेवाइकाकडे जायचं नाव काढताच गप्प होणारी, लघवीला दुखतंय म्हणणारी, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणारी मुलं असतील तर लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात ठेवा. तिथे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समोर घरचा माणूस असला तरीही.

शेजारी विचारतात, "खात्री नसताना मध्ये कसं पडायचं?" खात्री करणं तुमचं काम नाही. मुलाची उलटतपासणी घेऊ नका, तोंडात शब्द घालू नका, ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

वैशालीला मी स्पष्ट सांगितलं, पुन्हा हात उठला तर मुलांच्या संरक्षणाचं बघणाऱ्या सरकारी बाल कल्याण समितीला कळवेन. त्याच आठवड्यात तिला संरक्षण अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले, कारण २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा आधार तिला हवाच होता. मुलांना घेऊन ती सिन्नरला बहिणीकडे राहायला गेली. नवरा दोनदा माझ्याकडे आला, नंतर आला नाही.

पाच महिन्यांनी तिचा फोन आला, काकुळतीचा. "ताई, ओंकार उलट बोलायला लागलाय. काल ताट सरकवून दिलं, म्हणे, मला नकोय ही भाजी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गॅलरीत जाऊन उभी राहिले. आत आले तर ताट तसंच, आणि हा गाढ झोपलेला."

"आणि अंथरूण?"

"कोरडं."