एक चादर मोजली की ॲप आठ दाखवतं

नमस्कार भाऊ,

पत्र वाचलं. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला, चाटी गल्लीतल्या आपल्या चादरीच्या दुकानासाठी त्याने आयफोनवर स्टॉक मोजायचं ॲप केलं, बटण एकदा दाबलं की ८, परत दाबलं की १६, आणि दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, ह्याला साधं एक-दोन मोजता येईना. आता विचारताय बीसीए सोडवून पुण्याला एमपीएससीच्या क्लासला घालू का.

मला ॲपपेक्षा ते पाहुण्यांसमोरचं बोलणं जास्त लागलं. तुम्हीच लिहिलंय की तेव्हापासून त्याने लॅपटॉप उघडला नाही. अहो, पोराने कोणी न सांगता घरच्या धंद्यासाठी काहीतरी केलं आणि तुम्ही चारचौघांत त्याचा पाणउतारा केलात, मग कशाला उघडेल तो?

आणि त्याला मोजता येत नाही हे डोक्यातून काढा. तुम्ही कोडचा फोटो पाठवलाय त्यात एनएसइंटिजर, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचा प्रकार, त्याच्या पुढे एक स्टार (*) पडलाय, चूक तेवढीच. त्याने ॲप ज्या भाषेत लिहिलंय त्या ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये एनएसस्ट्रिंग, एनएसॲरे, एनएसनंबर ही ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यावरून हाताळायच्या वस्तू, त्यांना स्टार लागतोच, म्हणून नव्या पोरांना वाटतं एनएस दिसलं की स्टार लावायचा. पण एनएसइंटिजर ऑब्जेक्ट नाहीच, तो सी या मूळ भाषेतला साधा आकडा आहे. स्टार लावला की तो पॉइंटर होतो, म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि पत्त्यात एक मिळवला की तो एका अख्ख्या आकड्याच्या जागेएवढा पुढे सरकतो, ६४ बिटच्या फोनवर ती जागा ८ बाइटची. म्हणून ८, १६, २४. त्यात त्याने सुरुवात शून्यापासून केलीय, पॉइंटरला शून्य चालतं, त्यामुळे कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, गप्प बसला. ५ पासून केली असती तर तिथेच ओरडला असता.

म्हणजे कच्चं काय आहे तर सीमधले पॉइंटर, ते महिनाभर नीट बसून करू दे. ॲपलने २०१४ ला स्विफ्ट ही नवी भाषा आणली, नवीन ॲप जास्त करून त्यातच होतात, तेव्हा ऑब्जेक्टिव्ह-सीच्या महागड्या कोर्सला पैसे घालू नका.

राज्यसेवेला पदवी लागतेच, बीसीए अर्धवट सोडून तिथेही दार बंदच. आणि त्याला स्वतःला ती परीक्षा द्यायचीय का, हे तुमच्या दोन पानी पत्रात कुठेच नाही.

क्लासला टोकन भरलंय म्हणता, ते आधी परत मागा. मग दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच्यापाशी बसा, दिवाळीला माझं चुकलं म्हणा आणि ते ॲप परत दाखवायला सांगा.