मुलगी हिंजवडीची नोकरी सोडून एमबीए करायचं म्हणतेय

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झालो. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. तीन वर्षं हिंजवडीत एका जर्मन कंपनीच्या केंद्रात सॅपमधलं (कंपनीची खरेदी, साठा, हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) ‘मटेरियल मास्टर’, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या कोडची आणि माहितीची मुख्य यादी, सांभाळते. आता वीस लाखांचं कर्ज काढून आयटी मॅनेजमेंटमध्ये एमबीए करायचं म्हणते. ‘कंपनीचं धोरण आणि आयटी यांची सांगड घालणारं काम करायचंय,’ असं तिचं म्हणणं. असं काम खरंच असतं का? पक्की नोकरी सोडू द्यावी का? तिच्या लग्नाचंही बघायचंय.
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

काम खरंच असतं. आणि तुम्ही स्टोअर्समध्ये आयुष्य काढलंय, म्हणून तुम्हाला ते समजावणं सोपं आहे. एकच बेअरिंग दोन नावांनी दोन कप्प्यांत पडून आहे आणि तरी नव्याचा इंडेंट आलाय, हे तुम्ही पाहिलं असेल. नेस्ले या स्विस कंपनीच्या अमेरिकी शाखेत नव्वदच्या दशकात हेच मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. तपासलं तेव्हा कळलं, एकाच पुरवठादाराच्या व्हॅनिलाला तिथले कारखाने २९ वेगवेगळे दर मोजत होते. प्रत्येकाने व्हॅनिलाला आपापला कोड दिलेला, त्यामुळे दर शेजारी-शेजारी ठेवून बघायची सोयच नव्हती.

साहेब लोकांचं धोरण होतं, ‘आपण एक कंपनी, खरेदी एकत्र करू.’ कॉम्प्युटर मात्र विभागागणिक निराळे. अशा वेळी धोरण कागदावरच राहतं. त्यांनी सॅप आणलं, तरी २००० साली मध्येच काम थांबवून पुन्हा आखणी करावी लागली, कारण ज्यांची रोजची पद्धत बदलणार होती त्यांनाच आखणीत घेतलं नव्हतं. त्याच वर्षी नेस्लेने जगभरच्या कारभारासाठी सॅपशी सुमारे २० कोटी डॉलरचा करार केला. तुमची मुलगी ज्या मटेरियल मास्टरवर बसते, ते अशा सगळ्या खटाटोपाच्या पायाशी असतं. ‘नुसती डेटा एंट्री’ म्हणून तिला त्याचा कंटाळा आला असेल, तर हे तिला जरूर वाचून दाखवा.

दुसरं उदाहरण जर्मनीतलंच. लिडल या किराणा दुकानांच्या साखळीने सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये सॅपचा प्रकल्प सोडून दिला. अडचणीचं एक मोठं कारण म्हणजे लिडल मालाची किंमत खरेदीदराने धरायची, तर सॅपची तयार रचना विक्रीदराने. कंपनीने आपली पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर वाकवायचं? त्यांनी वाकवलं, आणि खर्च व गुंता वाढत गेला. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा निर्णय प्रोग्रॅमरने घ्यायचा नसतोच. एकीकडे हिशेबाची पद्धत आणि दुसरीकडे सिस्टीमची रचना, दोन्ही कळणारं माणूस तिथे लागतं. तुमच्या मुलीला तेच व्हायचंय.

बहुराष्ट्रीय कंपनीत आणखी एक ओढाताण असते. मुख्यालयाला जगभर एकच सिस्टीम हवी असते आणि प्रत्येक देशाचा कायदा निराळा. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे जीएसटी आला, तेव्हा इथे धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही बिलांची मांडणी बदलावी लागली. काय जगासाठी समान ठेवायचं आणि काय देशापुरतं सोडायचं, हे ठरवताना इथली माहिती असलेल्या माणसाचं वजन पडतं. पण खरं सांगतो, पुण्यातल्या अनेक केंद्रांत अजूनही मुख्यालयाने ठरवलेलं पार पाडणं एवढंच हाती येतं. नुसत्या एमबीएच्या पदवीने ते बदलणार नाही.

म्हणून माझं मत : तिने नोकरी आत्ताच सोडू नये, पण विचारही सोडू नये. पुढचं वर्षभर तिकिटं (सिस्टीमबद्दलच्या तक्रारी) मिटवण्याच्या कामातून बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे धंद्याची गरज समजून ती सिस्टीमवाल्यांना सांगण्याच्या, कामाकडे सरकायचा प्रयत्न करावा. खरेदी आणि फायनान्सच्या लोकांसोबत बसावं. कॉस्टिंग शिकावं, ताळेबंद वाचता यावा. इंजिनिअर मुलं बहुतेक इथेच अडतात. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून, त्यातलं कोणतं उद्दिष्ट आपल्या टीमच्या कामाला येऊन मिळतं, ते स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहून काढावं. ते पान जमलं नाही, तर एमबीएची घाई नको.

जमलं, तर चार वर्षांच्या अनुभवावर चांगल्या संस्थेत जावं. हिंजवडीतच सिम्बायोसिसची एससीआयटी ही संस्था आहे, तिथे आयटी बिझनेस मॅनेजमेंटचं एमबीए आहे आणि त्यासाठी स्नॅप परीक्षा द्यावी लागते. मुंबईची नीटी आता आयआयएम मुंबई झाली आहे, तिथे कॅट लागते. प्लेसमेंटचे आकडे धडपणे न सांगणाऱ्या कॉलेजसाठी वीस लाखांचं कर्ज मात्र अजिबात काढू नका. आयटिल, कोबिट यांसारखी आयटीच्या व्यवस्थापनाची सर्टिफिकेटं नोकरी करता करता होतात. उपयोगी आहेत, पण ती या शिक्षणाची जागा घेत नाहीत.

लग्नाचा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटी घातलाय. त्याची काळजी मला समजते, पण तो या निर्णयात आणू नका. तारीख पुढच्या वर्षीची असो की त्यानंतरची, शिक्षणाचा हिशेब वेगळाच करावा लागेल.

ती पुढच्या सुट्टीला घरी आली, की तिला विचारा : तुमच्या सिस्टीममध्ये एकाच वस्तूचे किती कोड आहेत, आणि नवा कोड उघडायची परवानगी कोण देतं? मग तुमच्या स्टोअर्समध्ये ते कसं चालायचं, ते सांगा. तिला काय सापडलं, ते मला जरूर कळवा.