लॅब टेक्निशियनचं बरंचसं काम आता मशीन करतं, मग या क्षेत्रात यावं का?

तुम्ही विचारलंय की विज्ञान शाखेचं शिक्षण झालंय, डॉक्टरकी जमणार नाही, घरचे लॅब टेक्निशियनचा कोर्स कर म्हणतात. पण सगळं मशीनच करत असेल तर यात काही राम उरलाय का? मी बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून उत्तर देतेय.

मशीन आकडा देतं. तो रिपोर्टवर जाऊ द्यायचा की थांबवायचा, हे टेक्निशियनला बघावं लागतं. समजा सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीत, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ४० हजार आल्या. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. पेशंट मात्र ठणठणीत, अंगावर कुठे काळानिळा डाग नाही, जुना रिपोर्टही चांगला. अशा वेळी आधी ट्यूबमध्ये गुठळी झालीय का ते बघायचं. नसेल तर रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्लाइड करायची, ती स्टेन करायची म्हणजे रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली त्या पसरलेल्या थराचं, म्हणजे स्मिअरचं, टोक आणि कडा तपासायच्या. तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले की उलगडा होतो. सीबीसीचं रक्त ज्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असतं आणि काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात. मशीन सुट्ट्या प्लेटलेट मोजतं, पुंजके सोडून देतं. मग निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये (हिच्यात ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं) पुन्हा रक्त घेऊन लगेच मशीनला लावायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ने गुणायचं, कारण त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त थोडं पातळ झालेलं असतं. हे न करता ४० हजार तसेच पाठवले, तर एका धडधाकट माणसामागे नसत्या तपासण्या लागतात.

पोटॅशियम अचाट वाढलेलं आणि कॅल्शियम तळाला गेलेलं दिसलं, तर आम्ही पेशंटच्या आधी ट्यूबवर संशय घेतो. ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतलेलं असतं, दुसरं काय!

असल्या भानगडी सोडवायला मजा वाटत असेल तर या. ‘डॉक्टर नाही तर निदान त्याच्या आसपासचं काहीतरी’ म्हणून येऊ नका. रोगाचं निदान तुम्ही करणार नाही, औषध लिहिणार नाही, पेशंटला तुमचं नावही कळणार नाही. रिपोर्ट उशिरा गेला की फोन मात्र तुम्हालाच येतो.

बाकी त्रास ठरलेले: नाइट ड्युटी, तासन्‌तास उभं राहणं, लघवी, शौच, थुंकी हाताळणं. (वासाची सवय होते, खरंच.) सुई टोचण्याचा धोका असतो, तेव्हा हेपॅटायटिस बीची लस कामाला लागण्याआधीच घ्या.

विभागांचे स्वभावही वेगळे. बायोकेमिस्ट्रीत (साखर, पोटॅशियम वगैरे मोजतात तिथे) दिवस कंट्रोल लावण्यापासून सुरू होतो; कंट्रोल म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल, मशीन बरोबर मोजतंय का ते बघायला. कंट्रोल मर्यादेबाहेर गेला की पेशंटचे सॅम्पल थांबवायचे, बाहेर कितीही गर्दी असो. जंतू तपासणाऱ्या मायक्रोबायोलॉजीला घाई चालत नाही, कल्चर (सॅम्पलमधले जंतू वाढवून बघणं) वाढायला एक-दोन दिवस लागतातच. ब्लड बँकेत लेबलची अदलाबदल झाली तर माणूस दगावू शकतो. मला विचाराल तर सगळ्यात कडक शिस्त तिथेच शिकायला मिळते. पुढे शिकायची इच्छा असेल तर पीसीआर (जंतूंचे किंवा पेशींचे जनुक ओळखायची तपासणी), लॅबची क्वालिटी सांभाळणं किंवा मशीन बनवणाऱ्या कंपन्यांत ट्रेनिंग देण्याचं काम हेही रस्ते आहेत. नुसतं सॅम्पल मशीनमध्ये ठेवून बटण दाबणाऱ्याला मात्र पुढे अवघड जाणार, यात तुमची शंका बरोबर आहे.

कोर्स निवडताना इमारत बघू नका. तिथल्या मुलांना गाठून विचारा की रोज किती जणांचं रक्त स्वतः काढता, स्लाइड स्वतः वाचता की फक्त सरांच्या मागे उभे राहता, इंटर्नशिप कुठल्या लॅबमध्ये असते. उत्तर देताना ते घुटमळले, तर फी भरू नका, दुसरी संस्था बघा.