जर्मन नामांची लिंगं लक्षात कशी ठेवायची?

शब्द एकटा पाठ करू नका. पहिल्या दिवसापासून ‘डेर’ (पुल्लिंगी), ‘डी’ (स्त्रीलिंगी) किंवा ‘डास’ (नपुंसकलिंगी) हा नामाआधी येणारा लिंगदर्शक शब्द लावूनच, मोठ्याने म्हणा. लिंग चुकलं की पुढे विभक्ती आणि विशेषणंही चुकतात. मराठीतही तीन लिंगं आहेत, पण त्यावरून अंदाज बांधलात तर हमखास फसाल: चंद्र तिथेही पुल्लिंगी (डेर मोंड), सूर्य मात्र स्त्रीलिंगी (डी झोनं), आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी (डास मेडशेन)! ‘मेडशेन’च्या नपुंसकलिंगाचं कारण शब्दाच्या शेवटात आहे. ‘शेन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी; ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ लागले की स्त्रीलिंगी. हे 4 प्रत्यय आधी पक्के करा, बरेच शब्द आपोआप सुटतील. टेबल (डेर), दार (डी), पुस्तक (डास) असे रोजचे छोटे शब्द मात्र घोकावेच लागतात.