बगदादचे ज्यू : संरक्षण आणि त्याची किंमत

प्रश्न : पुण्याचे लाल देऊळ बांधणारे डेव्हिड ससून बगदादमधील छळामुळे मुंबईला आले, असे वाचनात आले. मुस्लिम राजवटीत ज्यू सुखाने नांदत होते, असेही सांगितले जाते. यातले खरे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही विधानांना आधार आहे, मात्र ती एकाच शतकाविषयीची नाहीत. इस्लामी कायद्यात ज्यू आणि ख्रिस्ती यांना संरक्षित प्रजेचा, म्हणजे धिम्मींचा, दर्जा होता. जीवित, मालमत्ता, उपासना आणि विवाह-वारशाचे आपसांतील निवाडे यांची त्यांना हमी मिळे. त्याबदल्यात प्रौढ पुरुषांनी जिझिया भरायचा आणि समाजात मुसलमानांच्या खालची पायरी स्वीकारायची. औरंगजेबामुळे आपल्याला जिझिया परिचित आहे, त्यामागची हमी सहसा नसते.

या नियमांची चौकट शतकानुशतके टिकली, पण ते किती कडकपणे पाळायचे हे सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर आणि खजिन्यावर ठरे. खलिफा मुतवक्किलने ८५० साली धिम्मींवर पिवळ्या रंगाच्या वस्त्रांची सक्ती केली. तरीही त्यानंतरच्या काळात सुरा आणि पुम्बेदिथा ही ज्यू धर्मशास्त्राची दोन प्राचीन विद्यापीठे बगदादमध्ये आली, आणि ९२८ मध्ये सुराचे प्रमुख झालेले सादिया गाओन यांनी हिब्रू धर्मग्रंथ अरबीत उतरवला, कारण त्यांच्या समाजाची रोजची भाषा अरबीच होती. बाराव्या शतकात स्पेनहून आलेला ज्यू प्रवासी तुदेलाचा बेंजामिन याने ज्यूंच्या प्रमुखाची स्वारी खलिफाच्या भेटीला कशी निघे, याचे वर्णन केले आहे : पुढेमागे घोडेस्वार आणि ‘दावीदाच्या वंशजाला वाट द्या’ अशी ललकारी. याच प्रमुखाला पद स्वीकारताना खलिफा आणि त्याच्या मंत्र्यांना मोठे नजराणे द्यावे लागत, हेही तो नोंदवतो. माझ्या मते या इतिहासाचे मर्म त्या नजराण्यांत आहे.

ससून घराण्याचे तेच झाले. डेव्हिड यांचे वडील ऑटोमन सुभेदारांचे खजिनदार आणि बगदादच्या ज्यूंचे प्रमुख होते. दाऊद पाशाच्या कारकिर्दीत (१८१६–१८३१) श्रीमंत ज्यूंकडून पैसा उकळण्याचे प्रकार वाढले, तेव्हा डेव्हिड इराणच्या बुशहर बंदरात गेले आणि १८३२च्या सुमारास मुंबईत आले. म्हणजे त्यांना घालवणारा एका पाशाचा लोभ होता. बगदादचे बहुसंख्य ज्यू मागेच राहिले. १८५६च्या सुधारणांत ऑटोमन साम्राज्याने जिझिया रद्द केला, १८६४ मध्ये बगदादच्या ज्यूंसाठी फ्रेंच वळणाची आधुनिक शाळा निघाली आणि १९२१ मध्ये इराकचे पहिले अर्थमंत्री एक ज्यू, सासून एस्केल, झाले. या समाजाची खरी ताटातूट विसाव्या शतकातली : जून १९४१ची दंगल, १९४८चे अरब-इस्रायल युद्ध आणि १९५०–५१ मध्ये सुमारे सव्वा लाख ज्यूंचे इस्रायलला प्रयाण. खलिफांचे राज्य तोवर इतिहासजमा झाले होते; ही घटना राष्ट्रवादाच्या काळातली आहे.